डाव्या बाजूचं ऊन

१३ एप्रिल, रविवार

आमच्या गाडीच्या एसीच्या बटणावर बर्फाच्या पाकळीचं जे चित्र आहे, त्याविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. ऐन चैत्रात जळगावच्या माणसाला हिमकण दाखवणं ही शुद्ध चिथावणी होय. यावर मी स्फुट लिहिलं असतं; पण संपादक म्हणणार, "जितेंद्रराव, ते राहू द्या, पारा किती ते कळवा." पारा त्रेचाळीस. कळवला.

आज धुळ्याला लेकीकडे जाऊन आलो. पुनमचा सातवा सरत आलाय. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तिला माहेरी आणायची आणि बाळंतपणापर्यंत ठेवायची, असं ठरलं आहे. तिच्या सासूबाई इंदिराबाई म्हणतात, आठवा लागला की पोरीला हलवायची नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोनदा भोवळ आली आहे, न्यायची तर गाडी आतून गार हवी, नाहीतर नेऊच नका. रूढी आणि शास्त्र यांचं क्वचित जमतं, ते इथे जमलं. २८ तारीख ठरली.

पुनमला भाऊ नाही, म्हणून तिला माहेरी न्यायला येणारा मुराळी मीच. चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला मुराळी. जावई स्वप्नील म्हणाला, "बाबा, मी इथून टॅक्सी करून देतो ना." त्यावर इंदिराबाई कडाडल्या, "मुराळी भाडानी गाडीमा येस का कधी? मान जाई त्यान्हा!" माझा मान आता एका सेकंडहँड गाडीच्या एसीवर आहे.

येताना पारोळ्याच्या पुढे ज्योती म्हणाली, "अहो, माझ्या बाजूने गरम येतंय." माझ्या बाजूला तर शिशिर होता. या गाडीत डावीकडची आणि उजवीकडची हवा वेगवेगळी ठेवायची सोय आहे. आधीचा मालक नाशिकचा होता. त्या नवराबायकोचं तापमानावर एकमत नसावं. डावं बटण मी तळाला नेलं. "आता?" "गरमच."

आणि डावीकडेच पुनम बसणार आहे.

एरंडोलला चहाला थांबलो. चहा पिऊन ज्योती गाडीत येऊन बसली, आणि मागून हॉटेलवाला तिची डाव्या पायातली चप्पल घेऊन धावत आला. ती टेबलाखालीच राहिली होती. डांबर असं तापलेलं, की त्यावर पापड भाजावा. म्हटलं, "एवढं अनवाणी चालत आलीस आणि कळलं नाही?" म्हणाली, "पुनमच्या विचारात होते." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, बाईला आता चटके बसत नाहीत, असा निष्कर्ष मी काढला. ती हसली नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

गाडी पिंप्राळ्यात पंडितभाऊकडे नेली. हा ऑटो इलेक्ट्रिशियन. तो नावाने पंडित. मी संस्कृतात एम. ए. करून न झालेला. ज्योतीलाही बरोबर नेलं, तक्रारदार तीच.

पंडितने एसीच्या डाव्या झरोक्यापुढे हात धरला. "गार येतंय ना भाऊ, चकाचक."

"वहिनींना विचार."

ज्योती आत बसली, डावा हात पुढे केला. "नाही हो, गरम आहे. झळ लागते."

पंडितने पुन्हा हात धरला. ज्योतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सावकाश म्हणाला, "हां... वहिनी म्हणतात तर थोडं कोमट वाटून राहिलं. असं राहते ते. डाव्या झडपेची मोटार गेली असेल, बदलून टाकू."

मीही हात धरून पाहिला. मला गार लागलं. पण माझ्या हाताला काय कळतं? पोळी करपलेली मला खाल्ल्यावर कळते.

मोटार बदलली. घरी येताना विचारलं, "आता कसं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "थोडं बरं आहे." थोडं बरं आहे, याचा अर्थ अजिबात बरं नाही. हे व्याकरण मला पाठ आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

पंडितवर सोडून चालणार नाही. गाडीच्या वायरिंगचा नकाशा मिळवला, कलेक्टर कचेरीसमोर मोठ्या कागदावर छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. ज्योती म्हणाली, "शास्त्रीबुवा, ताटं कुठे मांडू? नाशिकवर की पुण्यावर?" खरंच, रेल्वेच्या नकाशासारखाच दिसतो तो.

दिवसभर डोकं घातलं तेव्हा एवढं उमगलं: डॅशबोर्डच्या मागे एक चपटी पेटी आहे, तिला मॉड्यूल म्हणतात. ती स्वतः काहीच बघत नाही. बाहेर किती तापलंय, आत किती, काचेतून ऊन कुठून येतंय, ही खबर तिला सेन्सर पुरवतात. ती वाचून पेटी हवेच्या वाटेवरच्या झडपांना हुकूम सोडते. प्रत्येक झडपेला एक लहान मोटार आणि पाच तारा. दोन तारा हुकमाच्या: उघड, मीट. उरलेल्या तीन हजेरीच्या: एकीवर पाच व्होल्ट, एक अर्थिंगची, आणि मधली सांगते की झडप आत्ता कुठवर आली आहे.

थोडक्यात, मॉड्यूल म्हणजे संपादक आणि सेन्सर म्हणजे आम्ही वार्ताहर. तालुक्याच्या वार्ताहराने चुकीची बातमी पाठवली, की संपादक अत्यंत शांतपणे चुकीचा अंक काढतो. छापखाना ठणठणीत असतो.

ही उपमा मला फार आवडली. ज्योतीला ऐकवली. ती माठातलं पाणी घेऊन हात धूत होती. म्हणाली, "हो, छान आहे. अहो, माठ उन्हात ठेवलात का? पाणी केवढं कढत आहे."

माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मी एक पेला प्यालो. गारेगार. म्हटलं, "तुला हल्ली सगळंच गरम लागतंय. त्या गाडीने तुझं डोकं तापवलं आहे."

१९ एप्रिल, शनिवार

चाळीसगावला कापूस व्यापाऱ्यांच्या बैठकीची बातमी होती. एकटाच गेलो. औषधाच्या दुकानात लस ठेवायच्या फ्रीजला लावतात, तो लांब वायरचा तापमापक आणून डाव्या झरोक्याला दोऱ्याने बांधला. जाताना नऊ अंश, येताना नऊ अंश. हमरस्ता, खड्डे, रेल्वे फाटक, काही करा, नऊ.

म्हणजे ज्योती डावीकडे बसली की गरम. ज्योती नसली की गार. अन्वय सिद्ध, व्यतिरेकही सिद्ध. न्यायशास्त्रात यापुढे व्याप्ती, म्हणजे नियम, मांडायला हरकत नसते. मी मांडली: डाव्या सीटखालून तारांचा जुडगा जातो; माणूस बसला की तो दबतो आणि संपर्क तुटतो. मग पंडितला सीटवर बसवून गल्लीतून फिरवलं. पंडित ज्योतीच्या दीडपट. गार.

सिद्धान्त मोडला, पण मी मोडलो नाही. गल्लीत हादरा कुठे बसतो? हमरस्त्यावर माणूस डावीकडे बसलेला असतानाच मोजायला हवं.

रात्री जेवताना पाहिलं, ज्योतीच्या डाव्या तळहातावर टरटरून फोड. दुधाचं पातेलं फडक्याशिवाय उचललं, म्हणे.

"ओरडली नाहीस ते?"

"कळलंच नाही. नंतर पाहिला फोड."

बर्नॉल लावलं. लेक यायची म्हणून बाईचं लक्ष थाऱ्यावर नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

ज्योतीला घेऊन भुसावळ रस्त्याला दीपनगरपर्यंत गेलो. काम काही नव्हतं, फक्त प्रयोग. तापमापक झरोक्याला, आकडा माझ्यासमोर. नऊ. नऊ. साडेआठ.

"आता कसं वाटतंय?"

"भाजतंय हो. हात, गाल, सगळी बाजू."

"आकडा नऊ दाखवतोय."

तिने वाकून आकडा पाहिला. मग हळूच म्हणाली, "मी खोटं बोलते का?"

आता सांगा, काय करावं? एका बाजूला दीडशे ग्रॅमचं परदेशी प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला जिने अठ्ठावीस वर्षांत मला कधी खोटं सांगितलं नाही अशी बाई. आप्तवाक्य प्रमाण होय. आणि हिच्याहून आप्त मला कोण? मी तापमापक उपटला आणि मागच्या सीटवर फेकला. "बिघडलेला आहे तो," म्हटलं. "औषधवाल्याच्या लशींचं देव जाणे काय होत असेल."

तिने माझ्याकडे बघितलं. तसं ती लग्नानंतर पहिल्यांदा मी तिची बाजू घेऊन आईशी भांडलो होतो, तेव्हा बघत होती. वाटलं, आता हसेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी ती फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती: "पुनमचं नीट पार पडू दे, मग दाखवते. आत्ता यांना सांगू नकोस, घाबरतील." दाढ असावी. मागेही डेंटिस्टचं बिल ऐकून मी घाबरलो होतो, ही वस्तुस्थिती आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

अनर्थ. पंडित म्हणाला, "भाऊ, वहिनी सांगतात म्हणजे आहेच. आपण डॅशबोर्ड उतरवू, मॉड्यूलच पाहू." मी हो म्हटलं. काल सकाळपासून गाडी त्याच्या दारात उघडी पडली आहे. आतडी बाहेर काढल्यासारख्या तारा. आज संध्याकाळी सगळं परत बसवलं, चालू केलं, आणि डावीकडून बर्फ, उजवीकडून भट्टी! कुठलंही बटण फिरवा, काही फरक नाही. वर डॅशबोर्डच्या आत टकटक टकटक, जसा कोणी आत कोंडलेला दार वाजवतोय.

"पंडितभाऊ, सोमवारी मला धुळ्याला जायचंय."

"होऊन जाईल ना भाऊ. मॉड्यूल गेलं दिसतं. मुंबईहून मागवू."

"कधी येईल?"

"आठ-दहा दिवसांत."

मी तडक घरी निघालो. बोललो असतो तर ते संस्कृतात आलं नसतं.

पुनमचा फोन. आज पुन्हा भोवळ आली. स्वप्नीलने मागून विचारलं, "बाबा, गाडी तयार आहे ना?" मी म्हटलं, "एकदम." वार्ताहराने चुकीची बातमी पाठवली.

२६ एप्रिल, शनिवार

पहाटेपासून नकाशा. टकटक हीच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. मोटार टकटक करते म्हणजे झडप टोकाला जाऊन आदळलेली आहे आणि हुकूम अजून सुटतोच आहे. हुकूम का सुटतोय? कारण मॉड्यूलला झडप पोचल्याची हजेरी मिळत नाही. पण तारा तर जोडलेल्या आहेत. मग ती हजेरी कोणाची वाचते आहे?

आणि लख्खकन दिसलं. डावीचा हुकूम डावीला जातोय, पण हजेरी उजवीची येते आहे. आणि उजवीच्या नावावर डावीची. दोघी आपापल्या परीने ढकलत सुटल्या आणि टोकाला जाऊन अडकल्या. पंडितने मधल्या दोन तारा अदलाबदल करून बसवल्या होत्या. रंग जवळजवळ एक: पिवळा आणि उन्हाने पिवळा पडलेला पांढरा.

आठ वाजता पंडितच्या दारात. मीटर लावून आम्ही दोघांनी तारा तपासल्या. तो खाली आडवा, मी वर नकाशा धरून. "पंडितभाऊ, डाव्या मोटारीच्या मधल्या तारेवर किती?" "साडेचार!" "आणि तिथे असायला किती हवे?" "झडप गारकडे आहे तर अर्धा!" दोघंही ओरडत होतो. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून बघायला आला. तारा पालटल्या. टकटक थांबली. दोन्ही बाजूंनी सारखी हवा. पंडितने मला मिठी मारली; माझा शर्ट आता पुसायच्या फडक्यात जमा आहे.

"पण भाऊ," तो हात पुसत म्हणाला, "ही चूक तर माझी होती, कालची. वहिनींची तक्रार होती ती कुठे सापडली आपल्याला?"

"खोलताना काहीतरी सैल होतं ते बसलं असेल."

"हां. असं राहते ते."

तो गाडीकडे बराच वेळ बघत राहिला. मी निघालो. त्याचा प्रश्न मला आवडला नाही.

घरी अंगणात खापरं. आखाजीच्या पूजेची नवी घागर ज्योतीने भरून डाव्या कडेवर घेतली होती. निसटली. ती तुकडे गोळा करत होती. "अपशकुन म्हणू नका," मला बघताच म्हणाली. मी म्हणणार नव्हतो. दुसरी घागर आणून दिली.

२८ एप्रिल, सोमवार

आज मुराळी गेला.

इंदिराबाईंनी आधी गाडीत हात घालून पाहिला. "बठ्ठी गाडी गार शे, व्याही! पोरगीले काही व्हनार नही आते." पुनमची ओटी भरली, डबे, पिशव्या, तिची उशी. पुनमला पुढे डावीकडे बसवलं, तिथे पाय लांब करता येतात. ज्योती मागे, माझ्या पाठीशी, उजव्या खिडकीला.

मुकटीच्या पुढे पुनम म्हणाली, "बाबा, कमी करा ना. मी गारठले."

मला काय आनंद झाला! तो तपशिलात लिहिणार होतो. म्हटलं, "ऐकलंस का ज्योती? तुझी लेक गारठली. डाव्या बाजूचा वनवास संपला."

मी आरशातून मागे पाहिलं.

"ज्योती? मागे येते ना हवा?"

"येते."

"कशी आहे?"

पुनमला ऐकू जाऊ नये अशा बेताने, ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो... इथेही डावीकडूनच गरम येतंय."

मागच्या सीटला मधोमध एकच झरोका आहे. मोटार एक, वाट एक; त्यातून एका अंगाला गरम आणि दुसऱ्याला गार येणं शक्यच नाही.

सीट बदलली, झरोका बदलला, झडप बदलली, डावीकडे दुसरी व्यक्ती बसली. मी सगळं पालटून पाहिलं होतं. फक्त ज्योतीचा हात सोडून. ज्याला न्यायशास्त्राचं अ, आ येतं, त्यानेही हे पहिल्या दिवशी केलं असतं.

पारोळ्याला थांबलो. पुनम रसवंतीच्या सावलीत बसली. मी ज्योतीला गाडीच्या आडोशाला नेलं, बर्फातून काढलेली पाण्याची बाटली तिच्या उजव्या हातात दिली. "गार," ती म्हणाली. तीच बाटली डाव्या हातात दिली. तिने झटकन हात मागे घेतला. भाजल्यासारखा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पुनम तिकडून ओरडली, "आई, तुला आलं घालून सांगू का?"

"सांग!" ज्योती अगदी हसऱ्या आवाजात ओरडली.

उरलेला रस्ता मी गाडी कशी चालवली, आठवत नाही. पुनमला भोवळ आली नाही. ती घोरत होती.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी आठ वाजताच डॉक्टरांना फोन केला, फॅमिली डॉक्टर, तिचे जुने. चप्पल, फोड, घागर, माठ, बाटली, सगळं क्रमाने सांगितलं. बातमी सांगावी तसं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "आखाजी उद्या आहे ना? थांबू नका. आज दुपारीच आणा. मी मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून ठेवतो. आणि जितेंद्रराव, गाडी तुम्ही हळू चालवा."

ज्योतीला सांगितलं. वाटलं, नाही म्हणेल. ती सांजोऱ्यांचं पुरण ढवळत होती, उजव्या हाताने.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"शिमग्यापासून. आधी फक्त बोटं होती."

"मला सांगितलं नाहीस."

"मला काय माहीत होतं? गाडीत बसल्यावर वाटलं, गाडीचंच आहे. तुम्ही इतक्या जोमाने शोधत होता... मग मनुदेवीला नारळ बोलले, की गाडीचंच निघू दे."

पंडित, मी, औषधवाल्याचा तापमापक. सगळे एका नारळासाठी राबत होतो आणि मला पत्ता नव्हता.

पुनमला काही सांगायचं नाही, ही तिची एकच अट. "गाडीचं काहीतरी राहिलंय, पंडितकडे नेतोय, म्हणा." मी तसं म्हटलं. पुनम म्हणाली, "मग आई कशाला?" ज्योती म्हणाली, "माझ्या बाजूची तक्रार ना ती. मीच लागते."

जेवल्यावर ती दिवाणावर जरा टेकली. मी शेजारी बसलो, डावीकडे, आणि तिचा डावा हात हातात घेतला. ती उघड्या दारातून पुनमकडे बघत होती. पुनम दोरीवर कपडे घालत होती. मी हात दाबला. पुन्हा दाबला. बराच वेळ गेला. मग ती तशीच बाहेर बघत म्हणाली, "अहो, कुठे आहात? निघायचं ना?"

मी उठून तिच्या उजवीकडे गेलो आणि म्हटलं, "हो, निघू."

ती आत साडी बदलते आहे. हे मी टेबलावर, नकाशाच्या कडेला वही ठेवून लिहितो आहे. त्यातली एकेक तार मला आता ठाऊक आहे: कुठून निघते, कुठे जाते, तुटली तर काय होतं. ज्योतीला काय झालंय ते मला माहीत नाही. मला तिच्यासाठी भीती वाटते आहे, फार भीती वाटते आहे, आणि हे आज मी कोणालाच सांगू शकत नाही.